हयातीचा दाखला, संगणकीय
निवृत्तिवेतन घेणारी व्यक्ती हयात असल्याचे, तिच्या शारीरिक खुणांची यंत्राने पडताळणी करून, संगणकाद्वारे तयार होणारे प्रमाणपत्र. निवृत्तिवेतन मूळ धारकाच्या मृत्यूपर्यंतच देय असते. म्हणून ते देणाऱ्या यंत्रणेस दर वर्षी त्याच्या हयातीची खात्री करून घ्यावी लागते. केंद्र शासनाचे निवृत्तिवेतनधारक हा दाखला नोव्हेंबरमध्ये देतात. वयाची ८० वर्षे पूर्ण झालेल्यांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. दाखला न पोहोचल्यास वेतन थांबते व तो दिल्यावर थकबाकीसह पुन्हा सुरू होते. मधल्या काळात औषधपाणी व घरखर्च मात्र थांबत नाही. त्यामुळे वृद्धांचा तंत्रविद्येशी जो दैनंदिन संबंध येतो, त्यात या दाखल्याचे महत्त्व मोठे आहे.

नाशिक व त्याच्या परिसरात निवृत्तांची वस्ती लक्षणीय आहे. नाशिक रोड येथील भारत प्रतिभूती मुद्रणालय (१९२५) व चलार्थ पत्र मुद्रणालय (१९२८), ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमाननिर्मिती कारखाना, देवळालीचे लष्करी ठाणे आणि सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहती यांनी अनेक पिढ्यांना रोजगार दिला. यांपैकी प्रत्येक वर्गाच्या निवृत्तिवेतनाचे नियम वेगळे आहेत. कारखान्यांतील कामगारांना लागू असलेल्या १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत दाखला वर्षातून केव्हाही देता येतो व तो दिल्यापासून एक वर्ष ग्राह्य असतो. राज्य शासनाचे निवृत्तिवेतनधारक कोषागाराकडून बँकेत आलेल्या यादीवर सही किंवा अंगठा करतात. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेतील निराधार वृद्धांनाही दर वर्षी हयातीची नोंद करावी लागते.

पूर्वपीठिका : निवृत्तिवेतनासाठी बोटांचे ठसे घेण्याची कल्पना जुनी असून तिचा उगम भारतातच झाला. बंगालमधील सनदी अधिकारी विल्यम जेम्स हर्शेल यांनी १८५८ साली एका कंत्राटावर कंत्राटदाराच्या हाताचा ठसा घेतला. पुढे १८७७ साली हुगळी येथे त्यांनी निवृत्तिवेतनधारकांचे ठसे घेण्याची पद्धत सुरू केली. मृताच्या नावावर दुसऱ्याने पैसे उचलू नयेत, हा तिचा हेतू होता. आजच्या पद्धतीस आवश्यक असलेल्या आधार क्रमांकाच्या वाटपाचा प्रारंभ २९ सप्टेंबर २०१० रोजी नाशिक महसूल विभागातील नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली या गावी झाला. त्यावर आधारलेली ‘जीवन प्रमाण’ ही सुविधा १० नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झाली.

कार्यपद्धती : आधार क्रमांक, निवृत्तिवेतन आदेशाचा क्रमांक, बँक खाते व मोबाइल क्रमांक ही माहिती भरल्यावर धारक आपले बोट ठसायंत्रावर ठेवतो किंवा डोळ्याचे बुबुळ यंत्रासमोर धरतो. मिळालेली प्रतिमा आधारच्या मध्यवर्ती नोंदीशी ताडून पाहिली जाते. ती जुळल्यास प्रमाणपत्र तयार होऊन त्यास स्वतंत्र क्रमांक मिळतो, तसा संदेश धारकाच्या मोबाइलवर येतो आणि वेतन देणारी यंत्रणा ते प्रमाणपत्र संगणकावरून पाहू शकते. कागद घेऊन बँकेत जाण्याचे त्यामुळे कारण उरत नाही.

वार्धक्य व पडताळणी : बोटांवरील रेषांची मूळ रचना जन्मभर बदलत नाही, परंतु ती यंत्रास स्पष्ट दिसेलच असे नाही. वयानुसार त्वचेची लवचिकता व ओलावा कमी होतो आणि रेषांचे उंचवटे सपाट होतात. शेतीकाम, बांधकाम, धुणीभांडी यांत आयुष्य गेलेल्यांच्या बोटांवरील रेषा तर झिजलेल्याच असतात. हात थरथरत असल्यास किंवा सांधे आखडल्यास बोट काचेवर नीट टेकत नाही. बुबुळाच्या पडताळणीत मोतीबिंदू, आकुंचित बाहुली व लोंबलेली पापणी यांचा अडथळा येतो. म्हणजे ज्या वयात दाखला द्यावा लागतो, त्याच वयात तो देण्याची शारीरिक साधने क्षीण होत जातात. यंत्राने ठसा नाकारणे म्हणजे ती व्यक्ती हयात नसणे किंवा तोतया असणे नव्हे, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

पर्यायी मार्ग : या अडचणीवर दोन प्रमुख उपाय योजण्यात आले. नोव्हेंबर २०२० पासून पोस्टमनच्या मदतीने घरीच दाखला देण्याची सोय झाली. तिचे शुल्क ७० रु. ठेवण्यात आले होते. अंथरुणास खिळलेल्यांना ती विशेष उपयोगी आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये चेहऱ्याच्या आधारे पडताळणी सुरू झाली. तीत मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरून डोळ्यांची उघडझाप करावी लागते. समोर छायाचित्र नसून जिवंत व्यक्ती आहे हे त्यावरून ठरते. स्वतंत्र ठसायंत्राची गरज न राहिल्याने मुलगा, सून किंवा नातवंड घरच्या मोबाइलवर हे काम करू शकते. बँकेत सहीचा कागदी दाखला देण्याचा मार्गही बंद झालेला नाही.

मर्यादा : चांगला मोबाइल, संपर्कजाल, उजेड आणि मदतनीस यांवाचून घरबसल्या दाखला देता येत नाही. नाशिक शहरातील निवृत्तास यांचा लाभ होण्याची जितकी शक्यता असते, तितकी पेठ किंवा सुरगाणा यांसारख्या डोंगराळ तालुक्यांतील एकट्या वृद्धास नसते. आधारची नोंद जुनी असल्यास किंवा मोबाइल क्रमांक बदलला असल्यासही अडचण येते. दाखल्याच्या नावाखाली दूरध्वनी करून ओटीपी विचारणारे भामटे हा आणखी एक धोका होय. अशा प्रसंगी १९३० या क्रमांकावर तक्रार करता येते. दुसऱ्याच्या हाती मोबाइल व बँकेची माहिती सोपविताना वृद्धाचे स्वातंत्र्य काही अंशी कमी होते, ही बाबही दुर्लक्षिण्याजोगी नाही.

सारांश, या पद्धतीने अनेकांची रांगेतील तिष्ठत उभे राहण्याची यातायात वाचविली आहे. तथापि तिची उपयुक्तता यंत्राच्या अचूकतेइतकीच, यंत्र अयशस्वी ठरल्यावर वृद्धास दुसरा मार्ग किती सहज मिळतो, यावर अवलंबून असते. कागदी दाखला व घरी येणारा पोस्टमन हे म्हणूनच या पद्धतीचे आवश्यक भाग ठरतात.