थंड देशातले पहिले दिवस

हिवाळ्यात एखाद्या थंड देशात पहिल्यांदा उतरणाऱ्याला धास्ती असते ती थंडीची, पण आधी गोंधळ उडतो तो उजेडामुळे. छत्रपती संभाजीनगरहून जर्मनी-कॅनडाला शिकायला निघालेली मुलं काय किंवा शेंद्रा-वाळूजच्या कारखान्यांतून कामासाठी युरोपात जाणारे अभियंते काय, स्वेटर, कानटोपी, हातमोजे अशी जय्यत तयारी करून निघतात. अंधाराचा विचार सहसा कुणाच्या मनात येत नाही. २१ डिसेंबरला संभाजीनगरात दिवस जवळपास ११ तासांचा असतो. बर्लिनमध्ये तो पावणेआठ तासांचाही भरत नाही. सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या आत मावळतोही. भर दुपारी तो क्षितिजापासून जेमतेम १४ अंश वर येतो, त्यामुळे ऊन पडलंच तरी बाराच्या सावल्या संध्याकाळसारख्या लांबलचक. त्यात घड्याळ साडेचार तास मागे. घरी सातला उठणाऱ्याला तिथे रात्री अडीचला टक्क जाग येते आणि उजाडायला पावणेसहा तास असतात.

थंडीचाही प्रकार वेगळा. मराठवाड्यात हिवाळ्यात पहाटे पारा १०-१२ अंशांवर उतरला, तरी दुपारी २८-२९ पर्यंत चढतो. पहाट निभावली की झालं. तिकडे थंडी दिवसभर ठाण मांडून बसते. वारा असेल तर विचारायलाच नको: उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला, की अंगाला ती थंडी उणे २० इतकी बोचते. गुलमंडीत घेतलेला जाड स्वेटर ऊब धरतो, पण वारा अडवत नाही. त्यावर वारा न शिरणारं जाकीट लागतंच. हिमरूची शाल तर लग्नसमारंभासाठीच ठेवावी.

कपड्यांचा हा प्रश्न जुनाच आहे. १८८३ मध्ये डॉक्टर होण्यासाठी अमेरिकेला गेलेल्या आनंदीबाई जोशी यांना नऊवारी लुगडं तिथल्या हवेत पुरेना, कारण त्यात कंबर आणि पोटऱ्या उघड्या राहत. त्यांनी मग गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. फिलाडेल्फियातले हिवाळे त्यांच्या प्रकृतीला मानवले नाहीत, ही गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक आहेच.

घरात शिरलं, की वेगळाच त्रास. उणे १० अंशांची हवा घनमीटरमागे फार तर सव्वादोन-अडीच ग्रॅम बाष्प धरते. २० अंशांच्या हवेत सुमारे १७ ग्रॅम मावतं. बाहेरची हवा आत येऊन नुसती तापते, बाष्प मात्र तेवढंच राहतं, म्हणून खोलीतली आर्द्रता १५ टक्क्यांच्याही खाली जाऊ शकते. ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, स्वेटर काढताना ठिणग्या तडतडतात, दाराच्या कडीला हात लावला की झटका बसतो. आईने आठवणीने दिलेलं खोबरेल तेल तापवलेल्या खोलीतही थिजलेलंच राहतं, कारण ते साधारण २४ अंशांच्या वर पातळ होतं.

ताज्या बर्फाला नवखे उगाच घाबरतात. ते भुसभुशीत असतं, पाय रुततो, आणि त्याच्या पोकळ्यांत आवाज शोषला जात असल्यामुळे रस्ते चमत्कारिक शांत वाटतात. घात करतो तो वितळून पुन्हा गोठलेला पारदर्शक थर; डांबर नुसतं ओलं दिसतं आणि माणूस आडवा होतो. तिथले लोक अशा वेळी पेंग्विनसारखे छोटी पावलं टाकत, अंगाचा भार पुढच्या पायावर ठेवून चालतात. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, पण कडाक्याच्या थंडीत त्याचाही फारसा उपयोग होत नाही.

स्वयंपाकघरातली फजिती ठरलेलीच. खिडक्या बंद, मोहरी तडतडली, मिरची जळली, की छतावरचं धूरसूचक यंत्र कोकलायला लागतं. कुकरची वाफही बाहेर जात नाही. ती गार भिंतीवर पाणी होऊन साचते आणि कोपऱ्यात बुरशी धरते. म्हणून जर्मनीत बाहेर कितीही गारठा असला, तरी दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायचा रिवाज आहे. हे न पाळणाऱ्या भाडेकरूच्या अनामत रकमेतून बुरशीचा खर्च कापला जाऊ शकतो.