लेखांक ७ : कुजणारे फिल्टर आणि त्यांच्या अटी

हवेतील सूक्ष्म कण कसे मोजतात याचा विचार मागील लेखांकात झाला. ते कण अडवणाऱ्या माध्यमाचा विचार आता करावयाचा आहे. हडपसरच्या संदर्भात हा विषय दोन्ही टोकांनी महत्त्वाचा ठरतो. १९६६ साली स्थापन झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटमुळे जगाला परिचित झालेल्या या परिसरात लसनिर्मिती चालते आणि लस भरण्याच्या निर्जंतुक कक्षात ‘हेपा’ फिल्टरमधून, म्हणजे ०.३ मायक्रोमीटर आकाराचे किमान ९९.९७ टक्के कण अडवणाऱ्या माध्यमातून, गाळलेलीच हवा सोडावी लागते. त्याच परिसरात सोलापूर रस्त्यावरील धूर आणि धूळ मात्र रहिवाशांच्या श्वासात थेट जाते.

हेपाचे माध्यम बहुधा काचतंतूंचे, तर मास्कचे पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचे असते. दोन्ही कुजत नाहीत. त्यातही पॉलिप्रॉपिलीनचे तंतू बऱ्याच अंशी त्यांच्यावरील विद्युत प्रभारामुळे कण ओढून धरतात आणि दमट हवेत तो प्रभार उतरत जातो.

याला पर्याय म्हणून नॅनोतंतूंचा विचार होतो. त्यांची मदार प्रभारापेक्षा बारीकपणावर असते. ते इलेक्ट्रोस्पिनिंगने काढतात : बहुवारिकाचे, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंचे, द्रावण सिरिंजमध्ये भरून सुईला साधारण १० ते ३० हजार व्होल्टचा दाब दिला की टोकावरचा थेंब ताणला जाऊन शंकूचा आकार घेतो, त्याच्या अग्रातून बारीक धार सुटते, ती हवेत वेगाने हेलकावत लांबत जाते, वाटेतच द्रावक उडून जातो आणि समोरच्या धातूच्या पिंपावर काहीशे नॅनोमीटर जाडीच्या तंतूंचा पांढरा पापुद्रा जमतो. या शंकूचे गणित जी. आय. टेलर यांनी १९६४ साली मांडले. तंतू इतका बारीक झाला की हवेच्या रेणूंना दोन टकरींमध्ये मिळणारे सुमारे ६५ नॅनोमीटरचे अंतर त्याच्या जाडीच्या तुलनेत नगण्य राहत नाही, हवा त्याच्या पृष्ठावरून घसरत पुढे जाते आणि त्यामुळे कण अडूनही पंख्यावरचा भार बेताचा राहतो.

परंतु अडकलेला जीवाणू मेलेला नसतो. पावसाळ्यात ओलावा मिळाला तर तो फिल्टरवरच वाढू शकतो. म्हणून तंतूंत कायटोसान मिसळतात. कोळंबी आणि खेकड्यांच्या कवचांपासून मिळणाऱ्या या पदार्थातील धनप्रभारित अमिनो गट जीवाणूच्या ऋणप्रभारित आवरणाला चिकटून ते फोडतात. एकट्या कायटोसानची कताई अवघड असल्याने त्याला पॉलिव्हिनाइल अल्कोहोलची जोड देतात. ते पाण्यात विरघळणारे असल्यामुळे साखळ्या एकमेकींना रासायनिकरीत्या जोडून घ्याव्या लागतात. तरीही हा परिणाम स्पर्शावर अवलंबून आहे, आणि धुळीचा थर बसल्यावर त्या थरावर येऊन पडणारा जीवाणू तंतूपर्यंत पोहोचतच नाही, ही मर्यादा जाहिरातींत सहसा सांगितली जात नाही. ती सांगितली गेलीच पाहिजे.

कुजण्याचा प्रश्न याहून बिकट आहे, कारण एकच पदार्थ वापरात टिकावा आणि टाकल्यावर नष्ट व्हावा, अशी ही मागणी आहे. साखर आंबवून मिळणाऱ्या लॅक्टिक आम्लापासून बनणारे पॉलिलॅक्टिक आम्ल येथे पुढे येते. हडपसरहून सासवडमार्गे गाठता येणाऱ्या जेजुरीत प्राज इंडस्ट्रीजचा अशा जैवबहुवारिकांचा प्रात्यक्षिक प्रकल्प ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, ही ऊसपट्ट्याच्या दृष्टीने खरोखर मोलाची घटना आहे. मात्र हे द्रव्य सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमान राखलेल्या औद्योगिक कंपोस्टमध्ये काही महिन्यांत विघटित होते. साध्या मातीत ते वर्षानुवर्षे पडून राहू शकते. शिवाय त्याच्या कताईला अनेकदा क्लोरोफॉर्मसारखे विषारी द्रावक लागतात आणि त्यांचा अंश श्वासाच्या वाटेवरील वस्तूत राहू देणे मुळीच परवडणारे नाही.

रुग्णालयातील दूषित फिल्टर कंपोस्टमध्ये जाऊ शकत नाही, तो बहुधा जाळावा लागतो. म्हणून कुजण्याच्या या गुणाचा खरा उपयोग घरे, शाळा आणि कार्यालये यांच्या फिल्टरना आहे. तेथेही नॅनोतंतूंचा पापुद्रा इतका नाजूक असतो की त्याला आधाराचे कापड, चौकट आणि डिंक द्यावे लागतात, आणि ही तिन्ही आज बहुधा न कुजणाऱ्या प्लॅस्टिकचीच असतात.