घराआधी कागदांची कवायत
माजी सैनिकांच्या गृहकर्जाची पात्रता नेमकी कशाने ठरते?

भंडारा, विशेष प्रतिनिधी

लष्करातील जवान सेवेतून मुक्त होतो, तेव्हा बहुधा तो चाळिशीच्या आतबाहेर असतो. मुले शाळेत असतात, आईवडील गावी थकलेले असतात आणि आयुष्यात प्रथमच एका ठिकाणी स्थिरावण्याची संधी आलेली असते. साहजिकच पहिला विचार येतो तो स्वतःच्या घराचा. भंडारा शहर असो वा तुमसर, साकोली, पवनी. हा विचार घेऊन बँकेत जाणाऱ्या माजी सैनिकापुढे दोन प्रश्न उभे राहतात. आपण माजी सैनिक आहोत हे सिद्ध कसे करायचे, आणि ते सिद्ध झाल्याने कर्ज मिळते काय? हे दोन प्रश्न एकच आहेत, असे गृहीत धरले की फसगत सुरू होते.

हमी सरकारची नव्हे

अमेरिकेत १९४४ साली झालेल्या कायद्यापासून माजी सैनिकांच्या गृहकर्जाला सरकारच हमी देत आले आहे. तेथे सेवेच्या नोंदी दाखवून पात्रतेचे प्रमाणपत्र मिळवायचे आणि ते बँकेला सादर करायचे, अशी पद्धत आहे. आपल्याकडे अशी सर्वसाधारण सरकारी हमी नाही. माजी सैनिकाला कर्ज देण्याचा निर्णय बँक घेते आणि तो घेताना ती तीन गोष्टी स्वतंत्रपणे तपासते : अर्जदाराचा दर्जा, त्याची परतफेडीची ताकद आणि जागेची मालकी. पहिल्या गोष्टीने सवलतीचे दार उघडते; कर्जाची रक्कम मात्र उरलेल्या दोन गोष्टींवर ठरते. म्हणूनच ‘सरकारी हमीचे कर्ज मिळवून देतो’ असे सांगत आगाऊ पैसे मागणाऱ्या मध्यस्थापासून दूर राहणे बरे.

सेवेतील जवानांना लष्कराच्या समूह विमा निधीतून घरबांधणीसाठी अग्रिम मिळते. तथापि ती सोय सेवेत असलेल्या सभासदांसाठी आहे. काही बँकांनीही संरक्षण दलांसाठी स्वतंत्र गृहकर्ज योजना आखल्या आहेत. भारतीय स्टेट बँकेची ‘शौर्य’ ही त्यांपैकी एक. अशा योजनेच्या अटी सेवेतील आणि निवृत्त अर्जदारांना वेगवेगळ्या लागू होऊ शकतात, हे अर्ज करण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

माजी सैनिक कोणाला म्हणावे?

गणवेश घातलेला प्रत्येक जण नियमांच्या भाषेत माजी सैनिक ठरत नाही. केंद्र सरकारच्या १९७९ च्या नियमांत आणि त्यांतील २०१२ च्या दुरुस्तीत ही व्याख्या दिलेली आहे. स्थलसेना, नौदल किंवा हवाई दलात सेवा करून निवृत्तिवेतनासह बाहेर पडलेले. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वामुळे मुक्त होऊन अपंगत्व निवृत्तिवेतन मिळालेले. तसेच ठराविक मुदतीची सेवा पूर्ण करून उपदानासह मुक्त झालेले, हे तिचे मुख्य गट. सेवामुक्तीच्या तारखेनुसार व्याख्येतील अटी बदलतात. त्यामुळे कोणत्या वर्षी आणि कोणत्या कारणाने मुक्तता झाली, या दोन नोंदींना सर्वाधिक वजन असते.

भंडारा जिल्ह्यात येथे एक गोंधळ हमखास होऊ शकतो. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले कर्मचारी संरक्षण खात्याच्या आस्थापनेतील असले, तरी ते नागरी कर्मचारी होत, माजी सैनिक नव्हेत. निवृत्तिवेतनाच्या आधारे ते कर्ज मागू शकतात, पण माजी सैनिकांसाठीची सवलत त्यांना लागू होत नाही. सीमा सुरक्षा दल वा केंद्रीय राखीव पोलिस दलातून निवृत्त झालेल्यांनाही या व्याख्येत स्थान नाही. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेच्या जाहीर अटींनुसार, चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला निवृत्तिवेतन, उपदान वा माजी सैनिकाचा दर्जा यांपैकी काहीही देय नाही. त्याला आपल्या पुढील उत्पन्नावरच कर्ज मागावे लागेल.

पुराव्याचे तीन कागद

दर्जा सिद्ध करणारे कागद मुख्यतः तीन. पहिला, सेवामुक्तीची पुस्तिका, म्हणजेच डिस्चार्ज बुक. सेवेचा कालावधी, हुद्दा आणि मुक्ततेचे कारण तीत नोंदलेले असते. दुसरा, निवृत्तिवेतन प्रदान आदेश, जो पीपीओ या नावाने सर्वांना परिचित आहे. तिसरा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने दिलेले माजी सैनिकाचे ओळखपत्र. दिवंगत सैनिकाच्या पत्नीला विधवा ओळखपत्र दिले जाते. कॅन्टीनचे कार्ड या तिन्हींची जागा घेऊ शकत नाही, कारण ते संरक्षण खात्यातील नागरी कर्मचाऱ्यांनाही मिळते.

कागद हाती असूनही अडचण येते ती नावांची. लष्करी नोंदीत केवळ नाव आणि आडनाव, आधार कार्डावर मधे वडिलांचे नाव, तर सातबाऱ्यावर घरगुती नाव, असा प्रकार आपल्याकडे नवा नाही. पत्नीच्या बाबतीत तो अधिक जाचक ठरतो. लग्नानंतर बदललेले नाव लष्करी नोंदीत चढलेच नसेल, तर सहकर्जदार म्हणून तिची सही घेताना बँक अडते आणि पुढे कुटुंब निवृत्तिवेतनाच्या वेळीही तोच पेच उभा राहतो. ही दुरुस्ती संबंधित रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयातून करून घ्यावी लागते आणि तिला वेळ लागतो. जागेचा इसार देण्यापूर्वीच ती हाती घेणे शहाणपणाचे.

जुन्या माजी सैनिकांच्या बाबतीत आणखी एक मुद्दा उद्भवतो. १ मे १९९९ रोजी गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याआधी सेवामुक्त झालेल्या तिरोडा, आमगाव, देवरी भागातील सैनिकांच्या पुस्तिकेत जिल्हा ‘भंडारा’ असाच आहे, तर आधार कार्डावर ‘गोंदिया’. पत्त्यातील ही तफावत जिल्हा विभाजनाची आहे, हे दाखवणारा रहिवासाचा दाखला सोबत जोडलेला बरा.

निवृत्तिवेतनाचे गणित

दर्जा सिद्ध झाला की बँक उत्पन्नाकडे वळते. लष्करी निवृत्तिवेतन पूर्वी बहुतांशी बँकांमार्फत मोजून दिले जाई. आता ते ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीतून थेट खात्यात जमा होते. त्यामुळे खातेपुस्तकासोबत स्पर्शवरील मासिक पावती आणि प्रदान आदेश काढून ठेवावेत.

सर्वाधिक परिणाम करणारी बाब म्हणजे निवृत्तिवेतनाचे अंशराशीकरण. सैनिकाला मूळ निवृत्तिवेतनाचा निम्म्यापर्यंत भाग एकरकमी घेता येतो. तो कापला गेलेला भाग १५ वर्षांनी पूर्ववत होतो. समजा, मूळ निवृत्तिवेतन २०,००० रुपये आहे आणि हिशेबाच्या सोयीसाठी महागाई मदत ५० टक्के धरली. महागाई मदत पूर्ण मूळ रकमेवर मिळते, म्हणून एकूण ३०,००० रुपये होतात. निम्मे अंशराशीकरण केलेले असल्यास हाती २०,००० उरतात. उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत हप्ता बसावा, असा हिशेब बँकेने लावल्यास १०,००० रुपयांचा हप्ता परवडतो. ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी एक लाखाला सुमारे ९०० रुपये मासिक हप्ता पडतो. म्हणजे कर्ज सुमारे ११ लाख. अंशराशीकरण केले नसते, तर हाच आकडा सुमारे साडेसोळा लाखांवर गेला असता.

याचा अर्थ एकरकमी पैसे घेऊ नयेत, असा नव्हे. वरील उदाहरणात चाळिशीतील सैनिकाच्या हाती सुमारे ११ लाख रुपये येतात. प्रश्न आहे तो त्या पैशाचे काय होते, हा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. उरलेला वाटा स्वतःचाच हवा. एकरकमी रक्कम लग्नकार्यात वा वाहनात संपली, तर हप्त्याची ताकदही घटलेली आणि स्वतःचा वाटाही नाही, अशी दुहेरी कोंडी होते. उलट सुरक्षारक्षक वा अन्य दुसरी नोकरी लागली असल्यास तिचे वेतनपत्रक जोडावे. ते उत्पन्न मिळवता येते.

बँक आणखी एक गोष्ट पाहते : सैनिकाच्या पश्चात पत्नीला किती निवृत्तिवेतन मिळेल. काही वर्षे वाढीव दराने मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन पुढे शेवटच्या वेतनाच्या ३० टक्क्यांवर येते. त्या रकमेत हप्ता बसणार नसेल, तर कर्जाचा विमा उतरवणे हे कुटुंबाच्या हिताचेच आहे.

जागा अडली तर सारेच अडले

ग्रामीण भागात कर्ज अडते ते अनेकदा जागेवर. गावठाणातील घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८ असतो, पण केवळ त्यावर गहाणखत करण्यास बँका कचरतात. २०२० पासून स्वामित्व योजनेखाली गावठाणांचे मोजमाप होऊन मालमत्ता पत्रके दिली जात आहेत. ते पत्रक मिळाले असल्यास काम सुकर होते. शेतजमिनीवर घर बांधायचे असेल, तर अकृषिक वापराचा प्रश्न आधी मिटवावा लागतो.

सैनिक म्हणून शासनाकडून मिळालेली जमीन सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ म्हणून नोंदलेली असेल, तर तिच्या हस्तांतरणावर निर्बंध असतात. अशी जमीन तारण देण्यापूर्वी तहसील कार्यालयात चौकशी करून जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा मार्ग समजून घ्यावा. देशसेवेबद्दल मिळालेली जमीनच कर्जाला आडवी यावी, हे विसंगत वाटले तरी कागदावर ते खरे आहे.

ओळखपत्राचा खरा उपयोग

मग सैनिक कल्याण कार्यालयाच्या ओळखपत्राचा उपयोग कोठे? म्हाडाच्या सोडतीत माजी सैनिकांसाठी राखीव गट असतो. तेथे त्याच प्रवर्गाचा पुरावा लागतो. घर झाल्यावर मालमत्ता करातील सवलतीसाठीही तो लागतो. २०२० साली राज्य शासनाने माजी सैनिकांना ही सवलत ग्रामीण आणि शहरी अशा दोन्ही भागांत लागू केली.

सारांश, क्रम महत्त्वाचा. आधी नोंदींतील नावे एकसारखी करावीत, मग ओळखपत्र घ्यावे, त्यानंतर निवृत्तिवेतनावर किती हप्ता झेपतो हे बँकेकडून लेखी समजून घ्यावे, आणि जागेचा व्यवहार सर्वांत शेवटी करावा. बहुतेक कुटुंबांत हा क्रम नेमका उलटा होतो : इसार आधी दिला जातो आणि कागदांची शोधाशोध नंतर सुरू होते. मुदतीत कर्ज मंजूर झाले नाही, तर इसाराची रक्कम धोक्यात येते. ती रक्कम बहुधा सीमेवर काढलेल्या वर्षांची बचत असते.