ग्रामीण उद्योग : परवान्यांची पूर्वतयारी

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्यात सोयाबीन व तूर ही महत्त्वाची पिके होत. गावची तूर गावातच भरडली गेल्यास प्रक्रियेचा नफा गावात राहतो. मात्र कागदपत्रांअभावी गिरणी उभी राहूनही विक्री अडते. 'उद्यम' नोंदणी आधार व पॅन क्रमांकांवर विनामूल्य होते; मध्यस्थास पैसे देण्याचे कारण नाही. अन्नसुरक्षा कायदा, २००६ अन्वये लहान उत्पादकास नोंदणी, मोठ्यास परवाना आवश्यक असतो. वजनकाटा वैधमापन यंत्रणेकडून तपासून मुद्रांकित करून घ्यावा लागतो. जिल्हा उद्योग केंद्रात याविषयी मार्गदर्शन मिळते. पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी ही माहिती ग्रामसभेत दिल्यास नवउद्योजकांचे हेलपाटे व खर्च दोन्ही वाचतील.