गर्दी आवरायची की सांभाळायची? फुटबॉल मैदानावरील पोलीस, स्टुअर्ड आणि प्रेक्षक

नवी दिल्ली : ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्यातील ड्युरँड करंडकाचा सामना १८ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्यातील सॉल्ट लेक स्टेडियमवर होणार होता. तो झाला नाही. आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टर तरुणीच्या हत्येनंतर शहरात निदर्शने सुरू होती आणि सामन्यासाठी पुरेसा बंदोबस्त देणे शक्य नसल्याचे सांगण्यात आले. त्या दिवशी एरवी परस्परांचे कट्टर प्रतिस्पर्धी असलेल्या या दोन क्लबांचे पाठीराखे, मोहम्मेडन स्पोर्टिंगच्या समर्थकांसह, स्टेडियमबाहेर एकत्र जमले. त्यांना पांगवण्यासाठी पोलिसांनी लाठीमार केला. पाच महिन्यांनी, जानेवारी २०२५ मध्ये, इंडियन सुपर लीगमधील याच दोन संघांचा सामना गुवाहाटीला हलवावा लागला. गंगासागर मेळ्यामुळे कोलकात्यात त्यासाठी पोलीस उपलब्ध नव्हते.

भारतात मोठा फुटबॉल सामना होणार की नाही, हे पुष्कळदा पोलिसांच्या संख्येवर ठरते, हे या दोन प्रसंगांतून दिसते. मैदानात पोलीस किती आहेत यावरून सामना सुरक्षित आहे की नाही हे ठरवण्याची रीत एकेकाळी इंग्लंडमध्येही होती. ती तेथे का बदलली, तिच्या जागी काय आले आणि त्यातून भारताने काय घेण्यासारखे आहे, याचा हा आढावा.

हिल्सबरो : चूक कोणाची होती?

शेफिल्ड शहरातील हिल्सबरो मैदानावर १५ एप्रिल १९८९ रोजी लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यात एफए करंडकाचा उपांत्य सामना होता. लेपिंग्ज लेनच्या बाजूला उभे राहून सामना पाहणाऱ्या १०,१०० तिकीटधारकांसाठी आत जाण्याची फिरती फाटके अवघी सात होती. सामना सुरू होण्याची वेळ जवळ आली तशी बाहेरची दाटी वाढत गेली. ती कमी करण्यासाठी दुपारी २ वाजून ५२ मिनिटांनी पोलिसांनी बाहेर पडण्याचा एक मोठा दरवाजा उघडला. आत शिरलेला लोंढा समोरच्या बोगद्यातून थेट मधल्या दोन कुंपणबंद कप्प्यांत गेला. ते कप्पे आधीच भरलेले होते, तर बाजूच्या कप्प्यांत जागा शिल्लक होती. बोगद्याचे तोंड बंद करून लोकांना बाजूला वळवण्याची व्यवस्था कोणी केली नाही. पुढे उंच जाळीचे कुंपण होते. मैदानात घुसखोरी होऊ नये म्हणून उभारलेल्या त्या कुंपणानेच सुटकेची वाट अडवली. या दुर्घटनेतील मृतांची संख्या अखेर ९७ झाली. त्यांपैकी शेवटच्या व्यक्तीचा मृत्यू तेव्हाच्या दुखापतींमुळे २०२१ मध्ये झाला.

दोष प्रथम प्रेक्षकांवर ढकलला गेला. ते दारू प्यायलेले होते, विनातिकीट आले होते, त्यांनी दरवाजा फोडला, असे सांगितले गेले. चौकशी करणारे न्यायमूर्ती टेलर यांनी मात्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिलेल्या अंतरिम अहवालात पोलिसांचे नियंत्रण कोलमडणे हेच मुख्य कारण असल्याचे नोंदवले. पुढे २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने १६४ पोलीस जबान्यांत लक्षणीय फेरफार झाल्याचे उघड केले. मृत्युचौकशीतील ज्युरीने २०१६ मध्ये हे मृत्यू बेकायदा हत्या ठरवले आणि प्रेक्षकांच्या वर्तनाचा त्यात वाटा नव्हता, असा निर्वाळा दिला. हा निर्वाळा मिळण्यासाठी मृतांच्या कुटुंबीयांना २७ वर्षे झगडावे लागले.

या प्रकरणाचा धडा केवळ एका अधिकाऱ्याच्या चुकीपुरता नाही. १९८० च्या दशकातील ब्रिटिश पोलीस फुटबॉलच्या प्रेक्षकाकडे संभाव्य गुंड म्हणून पाहत होते. १९८५ मध्ये ब्रसेल्समधील हायझेल मैदानावर ३९ जणांचा बळी गेल्यानंतर ही दृष्टी अधिकच पक्की झाली होती. त्यामुळे कुंपणामागून येणारी मदतीची हाक पोलिसांना प्रथम घुसखोरीचा प्रयत्न वाटली. सुव्यवस्था आणि सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीवर लक्ष खिळले की दुसरी नजरेआड होते, हे हिल्सबरोने दाखवून दिले.

अश्रुधूर आणि बंद दरवाजे

फुटबॉल मैदानांवरील मोठ्या दुर्घटनांची यादी पाहिली तर एक समान सूत्र आढळते. पेरूची राजधानी लिमा येथे २४ मे १९६४ रोजी पंचांच्या निर्णयावरून गोंधळ झाला. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, लोक जिन्यांकडे धावले आणि खालचे दरवाजे बंद होते. अधिकृत आकड्यानुसार ३२८ जण मरण पावले. घानामधील आक्रा येथे ९ मे २००१ रोजी अशाच घटनाक्रमात १२६ जणांचा बळी गेला. इंडोनेशियातील मलंग येथील कांजुरुहान मैदानावर १ ऑक्टोबर २०२२ रोजी अरेमा संघ हरल्यानंतर काही प्रेक्षक मैदानात उतरले. पोलिसांनी मैदानाबरोबरच प्रेक्षकांच्या गॅलऱ्यांच्या दिशेनेही अश्रुधुराची नळकांडी डागली. अरुंद दरवाजांशी झालेल्या कोंडीत १३५ जण मरण पावले. त्यांत तीसहून अधिक अल्पवयीन मुले होती.

विशेष म्हणजे कांजुरुहानमध्ये प्रतिस्पर्धी संघाच्या समर्थकांना प्रवेशच नव्हता. दोन गटांतील हाणामारीची शक्यता आधीच संपवलेली होती. तरीही माणसे मेली, कारण धोका हाणामारीत नव्हता. तो एकाच वेळी एकाच दिशेने ढकलल्या गेलेल्या गर्दीत होता. एका चौरस मीटरमध्ये पाचपेक्षा अधिक माणसे दाटली की व्यक्तीचा स्वतःच्या हालचालींवरील ताबा सुटू लागतो. त्यापुढे गर्दी प्रवाही पदार्थासारखी हलते आणि छातीवर दाब येऊन उभ्या माणसाचाही श्वास कोंडतो. अशा अवस्थेत धूर सोडणे म्हणजे दाब वाढवणे होय.

मैदानावर बंदुका किंवा गर्दी पांगवण्यासाठीचा वायू बाळगू अथवा वापरू नये, असे जागतिक फुटबॉल महासंघाच्या, म्हणजे फिफाच्या, सुरक्षा नियमावलीत नमूद आहे. पण ही नियमावली फुटबॉल संघटनांसाठी आहे. एखाद्या देशाच्या पोलिसांना ती कायद्याप्रमाणे बांधून घेत नाही. कांजुरुहान प्रकरणात खालच्या न्यायालयाने निर्दोष सोडलेल्या दोन पोलीस अधिकाऱ्यांना इंडोनेशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दोषी ठरवले.

स्टुअर्ड म्हणजे कोण?

हिल्सबरोनंतर इंग्लंडमध्ये वरच्या श्रेणीच्या मैदानांतील कुंपणे निघाली आणि प्रत्येक प्रेक्षकाला आसन देणे बंधनकारक झाले. १९८९ च्या कायद्याने मैदानांना परवाने देणारी आणि स्थानिक प्रशासनावर देखरेख ठेवणारी स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. मैदानाच्या सुरक्षेची पहिली जबाबदारी क्लबची आहे, हे तत्त्वही याच काळात रुजले.

ही जबाबदारी प्रत्यक्षात पार पाडतो तो स्टुअर्ड. तो पोलीस नाही आणि दारावरचा पहारेकरीही नाही. तिकीट पाहून योग्य फाटकाकडे पाठवणे, जिने आणि बोळ मोकळे ठेवणे, एखाद्या भागात दाटी वाढली तर नियंत्रण कक्षाला कळवणे, अपंग आणि वृद्ध प्रेक्षकांना मदत करणे, आग लागल्यास बाहेर पडण्याची वाट दाखवणे ही त्याची कामे. त्याला प्रशिक्षण दिले जाते आणि बहुधा तो प्रत्येक सामन्याला मैदानाच्या त्याच भागात उभा असतो. त्यामुळे तेथील नेहमीचे प्रेक्षक त्याला ओळखतात आणि तोही त्यांना ओळखतो. क्लबचा सुरक्षा अधिकारी नियंत्रण कक्षातून या सर्वांचे संचालन करतो. पोलीस त्याच कक्षात असतात, मात्र गुन्हा घडला किंवा परिस्थिती हाताबाहेर गेली तरच ते सूत्रे हाती घेतात. खालच्या श्रेणीतील अनेक सामने तर मैदानात एकही पोलीस न ठेवता खेळवले जातात.

याच्या जोडीला कठोर कायदेही आहेत. १९९१ च्या कायद्याने वस्तू फेकणे, वांशिक शिवीगाळीच्या घोषणा देणे आणि विनाकारण मैदानात उतरणे हे गुन्हे ठरवले. दोषी व्यक्तीवर न्यायालय सामन्यांना येण्यास बंदी घालू शकते. शिक्षा व्यक्तीला होते, संपूर्ण गॅलरीला नाही.

पोलिसांच्या वागण्याने गर्दी बदलते

गर्दीत माणूस विवेक गमावतो, हा समज जुना आहे. क्लिफर्ड स्टॉट आणि स्टीफन राइशर या मानसशास्त्रज्ञांनी फुटबॉल प्रेक्षकांच्या अभ्यासातून त्याला आव्हान दिले. त्यांच्या मांडणीनुसार गर्दीत अनेक गट असतात आणि बहुसंख्यांना गोंधळ नको असतो. पण पोलिसांनी सर्वांनाच एका काठीने हाकले, तर शांत माणसालाही आपल्यावर अन्याय झाल्याचे वाटते आणि तो दंगेखोरांच्या बाजूला ढकलला जातो. याउलट पोलीस न्याय्य वागले तर गर्दीतीलच लोक दंगेखोरांना आवरतात.

या विचाराची मोठी कसोटी पोर्तुगालमधील २००४ च्या युरो स्पर्धेत लागली. यजमान शहरांतील पोलिसांनी साध्या गणवेशात, लहान तुकड्यांत, प्रेक्षकांशी बोलत राहण्याचे धोरण अवलंबले; दंगलविरोधी पथके दृष्टीआड पण सज्ज ठेवली. तेथे इंग्लंडच्या पाठीराख्यांकडून मोठी दंगल झाली नाही. वेगळ्या दलाच्या अखत्यारीतील अल्बुफेरा या पर्यटननगरीत मात्र गोंधळ उसळला.

धडे विसरलेही जातात. पॅरिसमध्ये २८ मे २०२२ रोजी चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना अर्ध्या तासाहून अधिक उशिरा सुरू झाला. लिव्हरपूलचे प्रेक्षक अरुंद मार्गावर अडकले आणि त्यांच्यावर अश्रुधूर सोडण्यात आला. सुरुवातीला दोष पुन्हा प्रेक्षकांनाच दिला गेला. युरोपीय महासंघाने नेमलेल्या स्वतंत्र समितीने फेब्रुवारी २०२३ मध्ये मुख्य जबाबदारी महासंघाचीच असल्याचे सांगितले आणि जीवितहानी टळण्याचे श्रेय प्रेक्षकांच्या संयमाला दिले.

भारतातील चित्र

भारतीय फुटबॉलची सर्वात मोठी जखम १६ ऑगस्ट १९८० ची आहे. कोलकात्यातील ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्यातील सामन्यात खेळाडूंमधील चकमकीचे पडसाद गॅलरीत उमटले. दोन्ही बाजूंचे समर्थक तेथे मिसळून बसले होते. हाणामारी आणि चेंगराचेंगरीत १६ जणांचा मृत्यू झाला. हा दिवस आजही कोलकात्यात रक्तदान करून पाळला जातो. ९ डिसेंबर २०१२ रोजी सॉल्ट लेकवर याच दोन संघांच्या सामन्यात गॅलरीतून आलेल्या दगडाने मोहन बागानचा रहीम नबी जखमी झाला आणि उत्तरार्धात खेळण्यास त्याच्या संघाने नकार दिला.

केरळमधील सेव्हन्स स्पर्धांत प्रश्न वेगळा आहे. तेथे तात्पुरत्या गॅलऱ्या उभारल्या जातात. मार्च २०२२ मध्ये मलप्पुरम जिल्ह्यात अशी एक गॅलरी कोसळून अनेक जण जखमी झाले. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर तालीम मंडळांचे संघ उतरतात, तेव्हा पेठापेठांतील चुरस मैदानाबाहेरही पोहोचते. त्यामुळे बंदोबस्ताचा विचार मैदानापुरता करून भागत नाही. सामना सुटल्यानंतरच्या परतीच्या रस्त्यांचाही करावा लागतो.

पोलीस आणि क्रीडा हे दोन्ही विषय राज्यसूचीत आहेत. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ मध्ये गर्दी व्यवस्थापनाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. परंतु ती मार्गदर्शिकाच आहे. मैदानाचा प्रत्येक भाग किती माणसे सुरक्षितपणे सामावून घेईल, हे ठरवून परवाना देणारी इंग्लंडसारखी राष्ट्रीय यंत्रणा भारतात नाही. बंगळूरुत ४ जून २०२५ रोजी चिन्नास्वामी स्टेडियमच्या दारांशी ११ जणांचा मृत्यू झाल्यानंतर कर्नाटक सरकारने गर्दी नियंत्रणाचे विधेयक मांडले. ती घटना क्रिकेट संघाच्या विजयोत्सवाची होती, पण बंद दारे आणि बाहेर वाढत जाणारा लोंढा हे चित्र हिल्सबरोशी मिळतेजुळते होते. त्याच वर्षी १३ डिसेंबरला लिओनेल मेस्सीच्या भेटीच्या वेळी सॉल्ट लेकवर संतप्त प्रेक्षकांनी बाटल्या आणि खुर्च्या फेकल्या. महागडी तिकिटे काढूनही मान्यवरांच्या गराड्यामुळे त्यांना मेस्सी दिसलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी मुंबईत वानखेडे स्टेडियमवरील कार्यक्रम सुरळीत पार पडला. दोन्हीकडे मेस्सीचे चाहतेच होते. फरक आयोजनात होता.

खर्चाचा प्रश्नही आहेच. इंग्लंडमध्ये क्लबच्या जागेतील पोलीस सेवेचा खर्च क्लब देतो. त्यामुळे चांगले स्टुअर्ड नेमणे त्याच्याही हिताचे ठरते. महाराष्ट्रात क्रिकेट सामन्यांच्या बंदोबस्त शुल्कात २०२३ मध्ये केलेल्या कपातीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. फुटबॉल क्लबांचे उत्पन्न क्रिकेटच्या तुलनेत तुटपुंजे असल्याने त्यांच्यासाठी हा भार अधिक जड आहे.

सुरक्षित मैदान म्हणजे शांत मैदान नव्हे

कडक व्यवस्थेने सामन्यातील रंगत जाते, ही प्रेक्षकांची तक्रार असते. ढोल, झेंडे आणि उभे राहून दिलेल्या घोषणा यांवर सरसकट बंदी घातली की ती खरीही ठरते. पण जर्मनीतील डॉर्टमुंड येथे एकाच बाजूला सुमारे २५ हजार प्रेक्षक उभे राहून सामना पाहतात. इंग्लंडनेही २०२२ पासून प्रत्येक रांगेत कठडे असलेल्या भागांत उभे राहण्यास पुन्हा परवानगी दिली आहे. युरोपीय महासंघाने २०१२-१३ च्या हंगामापासून क्लबांना समर्थकांशी संवाद साधणारा अधिकारी नेमणे बंधनकारक केले. झेंडा किती मोठा असावा, ढोल कोठे बसावेत, पाहुण्या संघाचे समर्थक कोणत्या दाराने यावेत, हे त्यामुळे सामन्याच्या आदल्या आठवड्यातच ठरू शकते.

भारतीय क्लबांकडेही समर्थकांच्या संघटना आहेत. १८ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्यात ज्यांना एका मैदानात आणणे धोक्याचे मानले गेले, तेच लोक त्या दिवशी रस्त्यावर परस्परांशी न भांडता एकत्र उभे होते. पुढच्या सामन्याचा बंदोबस्त आखताना त्यांच्या प्रतिनिधींना बैठकीला बोलावण्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही.