प्रवाळ-मत्स्यालयातील पोषकद्रव्यांचे नियमन

उष्ण कटिबंधातील प्रवाळभित्ती ही जीवसृष्टीने गजबजलेली वसाहत होय. परंतु तिच्या सभोवतालचे पाणी मात्र पोषकद्रव्यांच्या दृष्टीने अत्यंत गरीब असते. चार्ल्स डार्विनने १८४२ साली प्रवाळभित्तींवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हापासून हा विरोधाभास शास्त्रज्ञांना विचार करावयास लावीत आला आहे. त्याचे उत्तर असे की, प्रवाळाच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवले वस्ती करून असतात. ती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यातील मोठा वाटा प्रवाळाला देतात. उलट प्रवाळाच्या मलद्रव्यांतील नत्र व स्फुरद ती आपल्या वाढीसाठी घेतात. घरातले धान्य घरातच फिरावे, तशी ही व्यवस्था आहे. काचेच्या टाकीत अशा सृष्टीची लहानशी प्रतिकृती उभी करणाऱ्याला हीच काटकसर राखावी लागते, आणि त्याची बहुतेक अपयशे ती न राखल्यामुळेच येतात.

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली समुद्राच्या अगदी काठी सुरू झाले. छत्तीसगडातील भिलाई हे पोलादनगर मात्र समुद्रापासून चारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तेथे एखाद्या घरी असे मत्स्यालय मांडावयाचे झाल्यास खारे पाणीही घरीच तयार करावे लागते. दर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे २०० लिटरच्या टाकीस सात किलोग्रॅम क्षार लागतात. ते ज्या पाण्यात विरघळवावयाचे, त्यात आधीच नायट्रेट किंवा फॉस्फेट असेल, तर पहिल्याच दिवशी टाकीत दोषाचा शिरकाव होतो. म्हणून नळाचे किंवा विहिरीचे पाणी सरळ न वापरता आर.ओ. यंत्रातून शुद्ध करून घ्यावे. उन्हाळ्यात या गोष्टीस अधिकच महत्त्व येते. वाफेच्या रूपाने केवळ शुद्ध पाणी उडून जाते, क्षार व पोषकद्रव्ये मागेच राहतात. उणीव भरून काढण्यासाठी रोज अशुद्ध पाणी ओतले, तर त्यातील द्रव्यांची दिवसेंदिवस भर पडत जाते.

तथापि पोषकद्रव्यांचा मुख्य मार्ग म्हणजे माशांचे खाद्य. समजा, कोरड्या खाद्यात सुमारे एक टक्का स्फुरद आहे. एक ग्रॅम खाद्यात तो १० मिलिग्रॅम भरतो व त्यापासून सुमारे ३० मिलिग्रॅम फॉस्फेट होऊ शकते. ते सगळे २०० लिटर पाण्यात उतरले, तर दर लिटरला ०.१५ मिलिग्रॅमची वाढ झाली. भित्तीवरील नैसर्गिक पाण्यात फॉस्फेटचे प्रमाण साधारणतः ०.०१ ते ०.०३ मिलिग्रॅम असते, हे ध्यानात घेतले म्हणजे चिमूटभर खाद्याचे वजन समजते.

खाद्यातील नत्राचा प्रवास निराळा आहे. मलमूत्र व उष्टे अन्न कुजून प्रथम अमोनिया होतो. काही जंतू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे कार्य सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास उघडकीस आणले. अमोनिया आणि नायट्राइट विषारी असल्याने नवी टाकी काही आठवडे माशांवाचून ठेवून या जंतूंची वस्ती होऊ द्यावी लागते. सच्छिद्र खडकाच्या अंतर्भागात प्राणवायू पोचत नाही. तेथे तिसऱ्या प्रकारचे जंतू नायट्रेटचे रूपांतर नत्रवायूत करतात व तो हवेत निघून जातो. स्फुरदाला मात्र अशी वायुरूप वाट नाही. तो हाताने काढून टाकल्यावाचून टाकीबाहेर जात नाही.

पोषकद्रव्ये वाढली की प्रथम काचेवर व खडकांवर हिरवे शेवाळ चढते. ते प्रवाळांची जागा व्यापते आणि त्यांचा प्रकाश अडवते. शिवाय अधिक फॉस्फेट प्रवाळाच्या चुनेदार सांगाड्याच्या घडणीत अडथळा आणते. परंतु दुसरे टोकही तितकेच घातक आहे. नायट्रेट व फॉस्फेट शून्यावर आणल्यास प्रवाळातील शैवले उपाशी पडतात आणि प्रवाळ फिके होत जातात. म्हणून अनुभवी लोक साधारणपणे लिटरमागे २ ते १० मिलिग्रॅम नायट्रेट आणि ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम फॉस्फेट एवढी मर्यादा पाळतात. प्रमाणाइतकेच स्थैर्यही महत्त्वाचे असते.

उपायांपैकी सर्वांत परिचित उपाय म्हणजे पाणी बदलणे. नायट्रेट २५ मिलिग्रॅम असताना पाचवा हिस्सा पाणी बदलले, तर ते २० वर येते. परंतु पुढील आठवड्याच्या खाद्याने त्यात पाचाची भर पडत असेल, तर आठ दिवसांनी आकडा पुन्हा २५ होतो, आणि असे वर्षभर चालू राहिले तरी तो खाली उतरत नाही. यावरून दिसते की, आवक कमी केल्यावाचून केवळ पाणी बदलून भागत नाही.

दुसरे साधन स्किमर. त्यात पाण्यातून बारीक बुडबुडे सोडतात. विरघळलेली सेंद्रिय द्रव्ये बुडबुड्यांच्या पृष्ठभागास चिकटतात व फेसाबरोबर वर येऊन पेल्यात जमतात. ती कुजण्यापूर्वीच बाहेर पडतात, हा याचा विशेष गुण. तिसरे साधन म्हणजे शेजारच्या उजेडाच्या लहान टाकीत समुद्रशैवल वाढवणे. शैवल नत्र व स्फुरद शोषून वाढते. ते वेळोवेळी खुडून बाहेर टाकले की ही द्रव्येही गेली. खुडणी विसरल्यास मात्र शैवल कुजून सर्व काही परत पाण्यात येते.

चौथ्या साधनाचे तत्त्व भिलाईकरांना परके वाटू नये. पोलादात स्फुरद राहिला तर ते ठिसूळ होते. १८७० नंतरच्या दशकात सिडनी थॉमस व पर्सी गिलख्रिस्ट यांनी चुन्याच्या साह्याने हा स्फुरद मळीत बांधून काढण्याची रीत शोधली. दल्ली-राजहरा येथील लोहखनिज आणि नंदिनीचा चुनखडक ज्या कारखान्यात येत आले आहेत, त्याच्या परिसरात लोह, चुना व स्फुरद यांचे हे नाते जुनेच आहे. मत्स्यालयातही लोहाच्या ऑक्साइडचे दाणे नळीत भरून त्यातून पाणी फिरवतात. फॉस्फेट त्या दाण्यांवर चिकटून बसते. चुन्याची निवळी थेंबाथेंबाने दिल्यासही काही फॉस्फेट साक्याच्या रूपाने खाली बसते, आणि प्रवाळास लागणारे कॅल्शियमही मिळते. दाणे वापरताना घाई करू नये. फॉस्फेट एकाएकी उतरल्यास प्रवाळांना धक्का बसतो. शिवाय टाकीतील चुनेदार खडकांत आधी मुरलेले फॉस्फेट हळूहळू सुटून आकडा पुन्हा वर चढतो. त्यामुळे दर आठवड्यास रंगपरीक्षा करावी व आकडे वहीत नोंदवावे. फॉस्फेट मॉलिब्डेटच्या योगाने निळा रंग देते. तो जितका गडद, तितके प्रमाण अधिक. शाळेच्या प्रयोगशाळेतही ही परीक्षा करता येण्यासारखी आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. भारतात भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले आहे. समुद्रातून ते तोडणे, विकणे वा बाळगणे हा गुन्हा आहे. छंदाच्या आरंभी कायद्याने मुभा असलेले मासे, खडक व शैवल एवढ्यावरच समाधान मानावे. पोषकद्रव्यांचे नियम त्यांनाही लागू पडतात.

हेच नियम खुल्या समुद्रातही चालतात. हवाई बेटांतील कानेओहे उपसागरात अनेक वर्षे सांडपाणी सोडले जात होते. तेथे शैवलाने प्रवाळ झाकून टाकले. १९७७-७८ मध्ये ते सांडपाणी खोल समुद्राकडे वळवल्यावर पाणी निवळू लागले व शैवल हटू लागले. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मालवणजवळ प्रवाळ आहेत. दूर समुद्रात आंग्रिया बँकेवरही ते आहेत. टाकीतील पाणी बिघडले तर बदलता येते. मालवणच्या समुद्राचे पाणी बदलता येत नाही; तेथे काय सोडावयाचे नाही, एवढेच माणसाच्या हाती असते.