आपले ओझे, आपली वाट
मुक्कामी भटकंतीला प्रथमच निघणाऱ्या महिलांसाठी

सह्याद्रीच्या गडवाटांवर सुटीच्या दिवशी जी वर्दळ दिसते, तिच्यात मुलींची आणि महिलांची संख्या आता लक्षणीय असते. सकाळी चढून सायंकाळी उतरणे अनेकींच्या अंगवळणी पडले आहे. मात्र पाठीवर अंथरूण-पांघरूण, शिधा आणि पाणी घेऊन दोन-तीन दिवस रानात राहण्याचा विषय निघाला की पाय अडखळतात. डोंगर तोच, वाटही तीच. बदलते ते पाठीवरचे ओझे आणि त्यासोबत येणारी जबाबदारी.

या जबाबदारीशी निगडित असा एक प्रसंग मिश्र गटांच्या भटकंतीत वारंवार घडतो. चढ सुरू होतो, नवखी मुलगी मागे पडू लागते आणि गटातील कोणीतरी आपुलकीने म्हणते, ‘दे तुझी सॅक.’ हेतू चांगलाच असतो. परंतु त्या सॅकबरोबर तिचे पाणी, खाणे, विजेरी, गरम कपडे आणि औषधेही दुसऱ्याच्या पाठीवर जातात. पुढे धुके दाटले, गट पांगला किंवा अंधार पडला, तर तिच्या हाती काहीही उरत नाही. म्हणूनच मुक्कामी भटकंतीचा पहिला धडा हा, की आपली सॅक आपल्याला पेलेल एवढीच भरावी आणि दुखापतीखेरीज अन्य कारणासाठी ती दुसऱ्याच्या हवाली करू नये. बाकीचे सारे शिक्षण या एका नियमातून उलगडत जाते.

भार खांद्यावर नव्हे, कमरेवर

सॅक म्हणजे खांद्याला अडकवायची मोठी पिशवी, हा समज बहुतेक दुखण्यांचे मूळ आहे. चांगल्या सॅकचा कमरपट्टा हा तिचा सर्वांत महत्त्वाचा भाग. एकूण भाराचा मोठा हिस्सा कमरेच्या हाडांनी पेलायचा आणि खांद्यांनी सॅकला केवळ पाठीशी धरून ठेवायचे, अशी तिची रचना असते. महिलांचे धड तुलनेने आखूड, खांदे अरुंद आणि कंबर रुंद असते. त्यामुळे भावाची किंवा मित्राची सॅक उसनी घेतली, की पट्टा कमरेऐवजी मांड्यांवर उतरतो आणि सारा भार खांद्यांवर येतो. मग थकवा शरीराच्या दुबळेपणाच्या खात्यावर जमा होतो. दोष वस्तुतः मापाचा असतो.

माप घेणे सोपे आहे. हनुवटी छातीकडे झुकवली की मानेच्या तळाशी जो मणका हाताला ठळक लागतो, तेथून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंतचे अंतर मोजावे. सॅक निवडताना स्वतःच्या उंचीपेक्षा हे अंतर महत्त्वाचे. दोन रात्रींसाठी ४० ते ५० लिटरची सॅक पुरते. ती चढवताना आधी सर्व पट्टे सैल करावेत, कमरपट्टा हाडांवर बसवून आवळावा, नंतर खांद्याचे पट्टे ओढावेत आणि शेवटी छातीवरचा छोटा पट्टा लावावा. भरतानाही क्रम पाळावा : स्लीपिंग बॅग तळाशी, शिधा, पाणी अशा जड वस्तू मध्यभागी पाठीलगत, हलक्या वस्तू बाहेरच्या बाजूस, विजेरी, विंडचीटर आणि प्रथमोपचाराची पिशवी हाताशी. जड वस्तू बाहेरच्या कप्प्यात गेली की सॅक मागे ओढते आणि अरुंद वाटेवर तोल जातो.

किलोचा हिशेब

सॅकचे एकूण वजन शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक नसावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. ५५ किलो वजनाच्या महिलेसाठी ही मर्यादा ११ किलो होते. आता हिशेब मांडून पाहावा. रिकामी सॅक दीड किलो, स्लीपिंग बॅग एक, कॅरीमॅट अर्धा, जादा कपडे एक, दोन दिवसांचा शिधा दीड, विजेरी-औषधे आदी अर्धा, दोघींत वाटून घेतलेल्या तंबूचा हिस्सा सव्वा आणि तीन लिटर पाण्याचे तीन किलो. बेरीज सव्वादहा किलो. म्हणजे ‘असू द्यावे बरोबर’ म्हणून कोंबलेल्या वस्तूंसाठी जागा जवळजवळ नाहीच.

या यादीत सर्वांत जड वस्तू पाणी आहे आणि नेमकी तीच कमी करण्याचा मोह होतो. तो टाळावा. पुढचे पाणी कोठे आहे हे ठाऊक असेल तरच भार हलका करता येतो. गडावरील टाकी पावसाळ्यानंतर भरलेली असतात. पण उन्हे तापू लागली की त्यांतली अनेक आटतात किंवा पिण्यालायक राहत नाहीत. म्हणून कोणते टाके कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, ही माहिती पायथ्याच्या गावात विचारून घ्यावी. टाक्याचे पाणी कापडातून गाळून, खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळावे किंवा क्लोरिनच्या गोळ्या टाकून सूचनेत दिलेला वेळ थांबावे.

कपड्यांत जीन्स सर्वप्रथम वगळावी. ती भिजली की जड होते आणि लवकर वाळत नाही. चटकन वाळणारी सैल पँट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट उत्तम. काटे, ऊन आणि किडे या तिघांपासून संरक्षण मिळते. मुक्कामासाठी कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा आणि चालताना तो कधीही वापरू नये. बूट खोल नक्षीच्या तळव्याचे असावेत आणि निघण्यापूर्वी काही आठवडे पायांत रुळलेले असावेत. नवे बूट थेट डोंगरावर नेल्यास पहिल्याच दिवशी टाचांना फोड येतात.

जिन्यावरची शाळा

पेलण्याची ताकद व्यायामशाळेपेक्षा जिन्यावर लवकर येते. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून आठवड्यातून तीन दिवस इमारतीचे जिने चढावेत. आरंभ चार किलोपासून करून दर आठवड्याला एकेक किलो वाढवावा. पाण्याच्या बाटल्यांचा फायदा असा, की वर पोहोचल्यावर पाणी झाडांना घालून गुडघ्यांवर ताण न आणता उतरता येते. पुणेकरांना पर्वतीच्या १०३ पायऱ्या आणि आतकरवाडीतून सिंहगडाची वाट आहे; मुंबईकरांना बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीचा रस्ता आहे. उतारावर गुडघे दुखत असतील, तर काठीचा आधार घ्यावा. त्यात कमीपणा मानू नये.

त्यानंतरच्या पायऱ्याही ठरवून घ्याव्यात. पहिला मुक्काम छपराखालचा असावा. लोणावळ्याहून राजमाचीची सुमारे १५ किलोमीटरची वाट त्यासाठी योग्य आहे. चढ बेताचा, अंतर भरपूर आणि श्रीवर्धन व मनरंजन या जोडकिल्ल्यांच्या कुशीतील उधेवाडीत घरगुती जेवणाची व मुक्कामाची सोय. सॅक दिवसभर पाठीवर राहिली की कोठे काय टोचते, हे येथेच कळते. दुसरा टप्पा हरिश्चंद्रगडाचा. पाचनईकडून चढणारी वाट या गडाच्या वाटांमध्ये सोपी मानली जाते. गडाची उंची १४२४ मीटर असल्याने हिवाळ्यातल्या थंडीची ओळख होते. हा परिसर १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. म्हणून तंबू, शेकोटी आणि मुक्कामाबाबतचे नियम वनखात्याकडे आधी विचारून घ्यावेत. हे दोन्ही पचले, की रतनगडावरून कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत-पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड हा दोन-तीन दिवसांचा प्रवास खऱ्या अर्थाने परीक्षा घेतो. तो वाट माहीत असलेल्या सोबत्याविना करू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ नवख्यांसाठी उत्तम. पावसाळ्यात निसरड्या कड्यांवर आणि फुगलेल्या ओढ्यांत शिकण्याचे धाडस नको.

न बोलले जाणारे विषय

अनेक महिला डोंगरावर मुद्दाम कमी पाणी पितात. कारण उघड आहे : आडोसा मिळेल की नाही ही धास्ती आणि गटाला थांबवण्याचा संकोच. या संकोचाची किंमत मोठी असते. शरीरातील पाणी घटले की डोके दुखते, पायांत गोळे येतात, निर्णयशक्ती मंदावते आणि उन्हात उष्माघाताचा धोका वाढतो. लघवी रोखून धरल्याने मूत्रमार्गाचा संसर्ग होऊ शकतो. त्यावर उपाय गटाने निघण्यापूर्वीच ठरवायचा. दर दीड-दोन तासांनी ठरावीक थांबा घ्यावा आणि त्या वेळी पुरुषांनी पुढे निघून जावे. हे आधी बोलले गेले की वाटेत कोणालाही ओशाळे व्हावे लागत नाही. शौचासाठी टाके, ओढा आणि वाट यांपासून किमान ६० मीटर दूर जावे, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करावा आणि तो मातीने बुजवावा.

मासिक पाळी आहे म्हणून डोंगर वर्ज्य, असे वैद्यकीय शास्त्र सांगत नाही. तीव्र वेदना किंवा अतिरक्तस्राव होत असेल तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. एरवी तयारी पुरेशी असते. वापरलेले पॅड रानात पुरू वा जाळू नयेत. त्यांतील प्लॅस्टिक कुजत नाही आणि जनावरे ते उकरून काढतात. कागदात गुंडाळून, घट्ट बंद होणाऱ्या अपारदर्शक पिशवीत घालून ते शहरात परत आणावेत. कप वापरणाऱ्यांनी त्याचा सराव घरीच करावा आणि हात धुण्यासाठी वेगळे पाणी राखून ठेवावे.

वाट आणि माणसे

सह्याद्रीत चुकवतात त्या ढोरवाटा. गुरांच्या पायांनी पडलेली वाट मळलेली दिसते आणि कारवीत किंवा कड्याच्या तोंडाशी संपते. म्हणून गटाच्या म्होरक्यामागे खाली मान घालून चालण्याची सवय नवख्या महिलेने पहिल्याच दिवशी सोडावी. दर थांब्यावर मागे वळून पाहावे. परतीला वाट तशीच दिसणार असते. खिंड, सोंड, नाळ, धार, पठार हे शब्द नकाशावर आणि समोरच्या डोंगरावर जुळवून पाहावेत. भ्रमणध्वनीत नकाशा उतरवून घ्यावा. पण त्याची बॅटरी संपते हे गृहीत धरून कागदी प्रतही बाळगावी. पाठीवर ओझे असताना ३०० मीटर चढाईला एक तास धरावा आणि हिवाळ्यात सायंकाळी पाचच्या आत मुक्कामाला पोहोचेल असा बेत आखावा. कड्यांवर आग्या मोहोळ असेल तेथे अत्तर, धूर आणि आरडाओरडा कटाक्षाने टाळावा. सकाळी बूट झटकूनच पाय आत घालावा, कारण विंचू आणि सापही ऊब शोधत असतात.

महिलांच्या मनातील मोठी भीती श्वापदांची नसते, माणसांची असते. ती निराधार म्हणता येत नाही. मात्र तिच्यावर उपाय आहेत. ज्या संस्थेबरोबर जायचे, तिची नोंदणी, गटातील महिलांची संख्या, म्होरक्यांमध्ये महिला आहे की नाही आणि रात्रीची निजण्याची व्यवस्था हे प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारावेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर करून अशा संस्थांसाठी नोंदणीची व्यवस्था आखली आहे. तेव्हा हे प्रश्न विचारणे हा ग्राहकाचा हक्कच आहे. मार्ग, सोबत्यांची नावे आणि परतण्याची वेळ घरी लिहून ठेवावी. संकटात ११२ हा क्रमांक आहे, पण दऱ्यांत संपर्क मिळेलच असे नाही. पायथ्याच्या गावात आपण कोठे चाललो हे एखाद्या घरी सांगून जावे. तेथील मावशीचा शब्द अनेकदा नकाशाहून खात्रीचा निघतो.

कारण रान या बायकांना परके नाही. डोक्यावर लाकडाची मोळी किंवा पाण्याचे हंडे घेऊन त्या रोज हेच चढ-उतार करतात. रायगडावरील हिरकणीची आख्यायिका आईच्या मायेची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण दरवाजे बंद झाल्यावर रात्री कडा उतरून जाणारी ही गवळण त्याच डोंगराच्या अंगाखांद्यावर वावरलेली होती, हेही त्या कथेत आहे. माया सर्वांपाशी असते. कडा उतरण्यासाठी तो ठाऊक असावा लागतो.

परत फिरण्याचा अधिकार

अमेरिकेतील एमा गेटवुड यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. ११ मुलांची ही आई १९५४ मध्ये ॲपलाचियन ट्रेल या लांबलचक डोंगरवाटेवर एकटी निघाली, वाट चुकली, चष्मा फुटला आणि तिला घरी परतावे लागले. पुढच्या वर्षी, वयाच्या ६७व्या वर्षी, ती पुन्हा निघाली. पायांत साधे कापडी बूट, खांद्यावर घरी शिवलेली जाड कापडाची पिशवी, पावसासाठी न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा. जॉर्जियापासून मेनपर्यंतचे सुमारे ३३०० किलोमीटर अंतर तिने एकटीने, एकाच हंगामात पूर्ण केले. तिचे सामान आज कोणी सुचवणार नाही. घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. पहिल्या वर्षी ती परत फिरली, म्हणून दुसऱ्या वर्षी चालू शकली.

नवख्या महिलेवर स्वतःला सिद्ध करण्याचे दडपण अधिक असते. ‘बायका असल्या की उशीर होतो’ हे वाक्य ऐकावे लागू नये म्हणून ती फोड लपवते, तहान दाबते, भोवळ येत असतानाही चालत राहते. बहुतेक अपघातांची सुरुवात अशाच लहानशा लपवाछपवीतून होते. ‘मला थांबायचे आहे’ किंवा ‘येथून परत जाऊ’ हे वाक्य वेळेवर उच्चारणे हे डोंगरातले एक कौशल्य आहे, आणि ते जिन्यावर शिकता येत नाही. ज्या गटात हे वाक्य हसण्यावारी नेले जाते, त्या गटाबरोबर दुसऱ्यांदा जाऊ नये.

सॅक पाठीवर चढवून पट्टा आवळला, की पाणी कुठे आहे, अंधार कधी पडेल, पाय किती साथ देतील याचा विचार ज्याचा त्याला करावा लागतो. तो विचार करण्याची संधी आपुलकीपोटीही कोणी हिरावून घेऊ नये. पहिल्या राजमाचीला सॅक दहा वेळा खाली ठेवावी लागली तरी चालेल. दहाही वेळा ती आपली आपणच उचलावी.